घाटमाथ्यावरची भाकरी

२ डिसेंबर

काल संध्याकाळी माझ्या हातून नऊ माणसं नदीत बुडाली, म्हणून ही वही सुरू करावी लागत आहे.

माणसं खेळातली होती. तरी बुडाली ती बुडालीच.

स्वप्नाली, माझ्या धाकट्या भावाची मुलगी, केजला आमच्याकडे राहते. घरी बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करते आणि उरलेल्या वेळात तिने ‘घाटमाथा’ नावाचा खेळ उभा केला आहे. त्यात चित्र नाही, आवाज नाही, नुसता मजकूर. ‘तुम्ही वेशीपाशी उभे आहात. पूर्वेला नदी आहे.’ आपण ‘पूर्व’ असं लिहायचं, की आपण नदीवर. बाकीची माणसंही आपापल्या मोबाईलवरून त्याच गावात वावरत असतात. बोलतात, शेळ्या राखतात, घरं बांधतात. जेमतेम नेटवरही चालतं, त्यामुळे उसाच्या फडावर गेलेले आपल्या भागातले पुष्कळ लोक तिथे असतात.

मी त्यातल्या वर्णनांच्या चुका रोज दाखवायचे. एके ठिकाणी नदी चढावर वाहत होती. शेवटी स्वप्नाली म्हणाली, “मग तूच लिही की आत्या.” आणि तिने मला प्रोग्राममध्ये हात घालायचा हक्क दिला. काल मी नदीला पूर आणला. पोहता येणारे पार होतील, न येणाऱ्यांना पाणी मागे लोटेल, असा बेत होता. मोठं-लहानचं चिन्ह उलटं पडलं. पोहणारे बुडाले आणि न पोहणारे कोरडे पार झाले. जन्मभर हायस्कुलात गणित शिकवलेल्या बाईच्या हातून!

स्वप्नालीने सगळ्यांना जिवंत केलं आणि मला अट घातली. “काय बदललंस आणि का बदललंस, ते रोज लिहायचं. नाहीतर हक्क काढून घेईन.”

तिच्या फाइलमध्ये दोन ओळी लिहीन. बाकीचं इथे. इथे तपासायला कुणी येणार नाही.

५ डिसेंबर

प्रोग्राम लिहिणं भूमितीच्या सिद्धतेसारखं आहे. ‘जर’, ‘तर’, ‘नाहीतर’. यापलीकडे फारसं काही नाही. समासात मोकळी जागा चुकीची सोडली तर सगळं बंद पडतं. हेच मुलींना सांगता सांगता माझा घसा बसायचा. कॉम्प्युटर एकदा सांगतो आणि काम थांबवतो. मला ही पद्धत आवडली.

हेही आता खेळात येतात. एस.टी.तून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले, पण तोंडातली घोषणा काही जात नाही. खेळात त्यांनी ‘कंट्रोलर’ असं नाव घेतलं आहे. वेशीपाशी उभे राहतात आणि जाहीर करतात, “केज-अंबाजोगाई-परळी गाडी फलाट दोनवर लागत आहे.” तिथे फलाट नाही की गाडी नाही. तरी लोक रांग लावतात. आज चार जण गाडी चुकली म्हणून भांडत होते.

दुपारी स्वप्नालीचे वडील, म्हणजे माझा भाऊ भगवान, चौसाळ्याहून आला. “आक्का, पोरगी नादी लागली ती लागली, आता तू पण?” असं म्हणाला. म्हणताना त्याचं बोट मोबाईलवर फिरत होतं. तोही एक खेळ खेळतो, ट्रॅक्टर आणि कोंबड्यांचा. मला म्हणाला, “थांब जरा, माझा गहू काढणीला आलाय.” घरच्या रानातला गहू याने आयुष्यात कधी कापला नाही.

मी स्वतः मोबाईलवर रंगीत ठोकळे जुळवण्याचा खेळ खेळते. तो बुद्धीसाठी चांगला आहे.

१० डिसेंबर

खेळात शिस्त आणली. दोन नियम लिहिले.

पहिला: तीनदा मेला की नाव पुसलं जाईल, घर पडेल आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून उभं करावं लागेल. मरण फुकट असलं की कुणी जपून वागत नाही. दहा दिवस पोटात अन्न नसलं तर मरण, हा नियम स्वप्नालीचा आधीपासूनचा आहे.

दुसरा: प्रत्येकाने स्वतःच्या खऱ्या नावाने यायचं. ‘किलर’, ‘वाघ’, ‘भाई नंबर वन’ ही काय नावं झाली? हजेरीत असली नावं मी खपवून घेतली नसती. सुरुवात स्वतःपासून केली. ‘मॅडम’ होते, ती ‘प्रयाग’ झाले.

बसस्थानकापाशी मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवणारा लखन खेळातल्या चावडीत येऊन तक्रार करू लागला. “बाई, बंदुकीच्या खेळात मी ‘डेथ’ हाय. तिथं मला कुणी नाव इचारत न्हाई.”

मी लिहिलं, “तिथे नुसतं मारायचं असतं. इथे शेजार आहे. शेजाऱ्याला नाव असतं.”

त्याने लिहिलं, “बरं. लखन.”

दोन दिवसांत सगळ्यांची नावं बदलतील. ह्यांचं ‘कंट्रोलर’ तेवढं राहू दिलं, कारण ते पदनाम आहे.

१४ डिसेंबर

नियम लागू झाले, गाव सुधारलं. मात्र एक नवीन घाण दिसली. ओढ्याजवळ एक घर आहे, दोन माणसांचं. त्यात दोन दिवस झाले, जमिनीवर भाकऱ्या पडलेल्या दिसतात. छबुबाई नावाची बाई रोज संध्याकाळी येते, चूल पेटवते, भाकरी करते, ‘टाक भाकरी’ असं लिहिते आणि बाजूला बसते. मग आश्रुबा नावाचा माणूस येतो आणि ती जमिनीवरची उचलून खातो. सरळ हातात देता येत नाही? ‘दे भाकरी’ आणि पुढे नाव. तीन शब्द.

मी झाडू लिहिला. जमिनीवर टाकलेली वस्तू मिनिटभरात नाहीशी होईल. सतरा ओळी, पहिल्याच फटक्यात चालल्या. स्वप्नाली म्हणाली, “आत्या, भारी!” रात्री जेवताना मी स्वतःहून दुसरी वाटी कढी घेतली.

२४ डिसेंबर

आश्रुबा उपासमारीने मेला. खेळात जगायला दिवसाकाठी एक भाकरी पुरते, आणि याला तेवढीही जमली नाही.

मेलेला माणूस वेशीपाशी पुन्हा उभा राहतो. तिथे मी त्याला गाठलं. “स्वयंपाक का शिकत नाही?”

त्याने बऱ्याच वेळाने लिहिलं, “शिकलो आस्तो. पर ती करती ना.”

“मग खात का नाही?”

“आता घावत न्हाई. ठिवली म्हनती, आन् म्या बघतो तवर नस्ती.”

मिनिटभर वेळ असतो. तेवढ्यात उचलायला काय होतं? आळशी माणूस. मी तसं लिहिलं. त्याने ‘हाव’ म्हणून तेही कबूल केलं.

हे खेळात शेजारीच उभे होते. खोलीत येऊन म्हणाले, “मॅडम, त्याचं टायपिंग बघितलं का? एकेक अक्षर शोधतोय. मिनिटात काय उचलणार तो?”

मी म्हटलं, नियम सगळ्यांना सारखा.

३ जानेवारी

आश्रुबा दुसऱ्यांदा मेला. तेराला पुन्हा मेला तर नाव पुसलं जाईल आणि ते घर पडेल.

आणि मधल्या काळात लोकांनी त्याला खायला दिलं नाही असं नाही. लखनने वडापाव दिला. त्याने परत केला. कुणीतरी खिचडी दिली, तीही परत. “ती ठिवती त्येच खाईन,” असं म्हणतो. रोज संध्याकाळी घरात येऊन बसतो. नोंदींत दिसतं, तीही बसलेली असते. भाकरी दोघांच्या मधे पडते आणि झाडू ती घेऊन जातो.

उद्या या बाईला विचारायचं.

४ जानेवारी

विचारलं. चावडीत, सगळ्यांसमोर, म्हणजे इतरांनाही धडा मिळेल.

मी: छबुबाई, भाकरी जमिनीवर का टाकता?

छबुबाई: टाकत न्हाई बाई, ठिवते.

मी: कुणासाठी?

छबुबाई: हायेत एक जण.

मी: मग त्यांना द्या. ‘दे भाकरी’ लिहा आणि पुढे नाव लिहा.

छबुबाई: आसं कसं लिवावं?

मी: का? लिहिता येतं ना?

छबुबाई: सातवी झालीया मी.

मी: मग नाव लिहा. पाचवीतल्या मुलीला जमतं.

लखन: हा हा! काकू, लिवा की! कुनाला कळतंय!

छबुबाई: मला तर कळतंय ना.

मग लगेच: बाई, तुमी लई शिकल्याल्या, तरी तुमाला कसं कळंना?

आणि ती खेळातून निघून गेली.

उद्धटपणा वाटला. संध्याकाळी ह्यांना सांगितलं तर हे खुर्चीत हसत सुटले. का हसता विचारलं तर म्हणाले, “काही नाही. गाडी लेट आहे, एवढंच.”

५ जानेवारी

स्वप्नालीने उलगडून सांगितलं. छबुबाई आणि आश्रुबा नवराबायको आहेत! त्यांची मुलगी शिवकन्या स्वप्नालीबरोबर डिप्लोमाला होती, आता पुण्यात नोकरी करते. जोडपं दरवर्षी ऊसतोडीला एकत्र जायचं. गेल्या साली आश्रुबा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडला, खुबा मोडला. यंदा तो गावाकडे शेळ्यांपाशी, आणि ती एकटी, दिराच्या टोळीत अर्धा कोयता म्हणून (जोडप्याचा एक कोयता धरतात) सांगलीकडे. शिवकन्येने दोघांच्या मोबाईलवर खेळ टाकून दिला.

“फोन करत नाहीत का?” मी विचारलं.

“करतात की. ‘जेवलात का?’ ‘जेवलो.’ झाला फोन. आजूबाजूला सगळी टोळी ऐकत असते. खेळात निदान तासभर एका घरात असतात.”

“आणि नावाचं काय?”

“आत्या, ती त्यांचं नाव घेत नाही. आधी ते ‘वाघ’ होते. ‘दे भाकरी वाघ’ लिहायची आणि हसायची. तू खरी नावं केलीस.”

म्हणजे नावं बदलल्यापासून ती भाकरी खाली ठेवू लागली, आणि मी झाडू लिहिला.

या काळात हे असले प्रकार राहावेत याचं आश्चर्य वाटतं. नाव घेतलं की आयुष्य कमी होतं म्हणे! मुलींच्या किती पिढ्यांना मी हे निरर्थक आहे म्हणून सांगितलं. तरी झाडू काढून टाकला. सतरा ओळी.

६ जानेवारी

झाडू काढून उपयोग नाही. छबुबाई येत नाही.

स्वप्नाली म्हणते, तीनदा मरणाचा नियमच काढ. मी नाही म्हटलं. नाताळात लखन तिसऱ्यांदा मेला, त्याचं नाव पुसलं गेलं, तेव्हा त्याने किती विनवण्या केल्या. मी ऐकल्या नाहीत. तो पुन्हा पहिल्यापासून झोपडी बांधतो आहे. त्याला एक न्याय आणि ह्याला दुसरा, असं मला करता येणार नाही.

‘वाघ’ परत करावा तर लखन ‘डेथ’ मागेल, आणि त्याचं बरोबर असेल.

स्वप्नालीला दुसरं सुचलं. “उखाणा घेऊ दे की! भाकरी देताना एक उखाणा.” तिने तसा निरोप शिवकन्येमार्फत पाठवला. संध्याकाळी उत्तर आलं: ‘उखाणा लग्नात घेतेत. रोज भाकर वाढायला उखाणा घेत बसले तर भाकर करू कवा?’

हे मात्र पटलं.

८ जानेवारी

उपाय सापडला. प्रत्येकाला दुसऱ्या माणसासाठी आपला स्वतःचा शब्द ठेवता येईल. मी ‘भाऊ’ म्हटलं की माझ्यापुरता भगवान, लखनने ‘भाऊ’ म्हटलं की त्याच्यापुरता आणखी कुणी. कोण काय म्हणतं ते खेळाने ध्यानात ठेवायचं. नाव न लिहिता देता येईल, बोलता येईल. नावाचा नियमही शाबूत राहतो.

स्वप्नाली म्हणाली, “हे मला सुचायला हवं होतं.” म्हटलं, तुझं वय काय, माझं काय. तुला कुणी ‘अमक्याची आई’ म्हटलेलं नाही अजून.

दिवसभर लिहिलं. दोन ठिकाणी समास चुकला. एकदा ‘शेळी’ म्हटल्यावर सरपंच यायला लागला.

१० जानेवारी

आज चाललं. चाचणीसाठी कुणीतरी माणूस हवा होता, म्हणून ह्यांना घेतलं. माझ्या बाजूने ‘अहो’ हा शब्द ठेवला आणि ‘दे चहा अहो’ असं लिहिलं. पडद्यावर उमटलं: ‘अहो यांना चहा मिळाला.’ शेजारच्या खोलीतून आवाज आला, “साखर कमी आहे!”

‘कंट्रोलर’ पूर्ण टाइप करायला लांब पडतं, म्हणून ‘अहो’.

लोकांना आवडलं आहे. संध्याकाळपर्यंत गावभर काका, दाजी, नाना, मावशी झाले. लखनने माझ्यासाठी काय शब्द ठेवला ते सांगत नाही. स्वप्नालीला माहीत आहे. तिला विचारलं की पाणी प्यायला जाते.

छबुबाईचा मात्र पत्ता नाही. आश्रुबाला विचारलं, “त्यांना सांगितलं का?”

“सांगितलं. म्हनती, बाईनं चारचौघात इचारलं.”

“म्हणजे राग आहे?”

“राग न्हाई. लाज हाय.”

मी माझ्या चुलीवर भाकरी करून त्याच्या घरी घेऊन गेले. ‘उपाशी मराल’ असं स्पष्ट लिहिलं. त्याने परत केली. “नगं बाई. तिला कळलं तर ती घरी आल्यावर मला खऱ्या जेवणाचं वांदं.”

तीन दिवस उरले.

११ जानेवारी

आज शिवकन्येकडून नंबर घेऊन छबुबाईला फोन केला. मागे ट्रकचं इंजिन चालू होतं आणि कुणीतरी ‘मोळी टाका, मोळी’ असं ओरडत होतं.

“मी केजहून प्रयागबाई बोलते. खेळातली.”

“बाई!” ती एकदम दबक्या आवाजात म्हणाली. “फोन कावून केला? काय झालं त्येंना?”

“काही झालं नाही. तेराला होईल. तुम्ही आलं पाहिजे.”

“कशी येऊ? सगळे हसले तवा.”

“लखन हसला. त्याला मी समज दिली आहे.” हे खरं आहे. “आणि चूक माझी होती. सगळ्यांसमोर विचारायला नको होतं.”

इंजिन चालूच. मग म्हणाली, “आवं, तुमी कशाला आसं म्हनता. तुमी मोठ्या हाव.”

मी तिला नवी पद्धत सांगितली. तुम्ही त्यांना घरात काय म्हणता, तो शब्द मला सांगा, बाकीचं मी करते.

“शिवकन्या आमची शिवी, तवा शिवीचे बाप म्हनते. न्हाईतर काईच म्हनत न्हाई. नुसतं ‘आवं’.”

“आवं नको. आवं म्हणणाऱ्या फार झाल्या गावात, ‘शिवीचे बाप’ ठेवू.”

“आन् त्येंचं नाव कुनी लिवायचं? येकदा तरी लिवावं लागन ना?”

“मी लिहीन.”

ती हसली. मोकळं हसली, पहिल्यांदाच. मग म्हणाली, “बाई, राग नका धरू. तुमी तुमच्या मालकाचं नाव घेता व्हय?”

ट्रक भरायचा होता, तिचा खोळंबा होत होता. मी फोन ठेवला.

१२ जानेवारी

नाव मी लिहिलं. छबुबाईच्या बाजूने ‘शिवीचे बाप’ म्हणजे कोण, ते प्रोग्रामला सांगितलं. दोनदा तपासलं.

संध्याकाळी आश्रुबाने चावडीत येऊन विचारलं, “बाई, त्ये शब्दाचं मला बी करून देता का?”

“तुम्हाला कशाला? तुम्ही तर नाव घेऊ शकता.”

“घेऊ शकतो. पर घेतलं न्हाई कदी.”

त्याचाही करून दिला. पुरुषांतही हे असतं, हे मला माहीत नव्हतं. चौकशी करायला हवी.

१३ जानेवारी, भोगी

सकाळी घरी तीळ लावून बाजरीच्या भाकऱ्या केल्या, भोगीची भाजी केली. भगवान आला होता. जेवताना त्याचा मोबाईल सारखा वाजत होता. त्याच्या कोंबड्यांना खाणं टाकायची वेळ झाली होती. स्वप्नालीने मोबाईल उचलून फडताळावर ठेवला. त्याने तक्रार केली नाही. उलट भाकरी खाताना म्हणाला, “पोरी, तुझ्या त्या गावात आपलं चौसाळा हाय का?” ती म्हणाली, “तुम्ही या तर बांधू.”

सहा वाजता मी खेळात गेले. ओढ्याजवळच्या घरात आश्रुबा बसलेला. भुकेचा आकडा अगदी शेवटाला. सात वाजले. छबुबाई नाही. फडावर उशीर झाला असेल, नेट नसेल, की लाज अजून गेली नसेल. मी ‘नियम काढू का’ असा विचार केला. खरंच केला. प्रोग्राम उघडला होता.

हे वेशीपाशी उभे होते. त्यांनी लिहिलं, “सांगली-केज गाडी थोड्या वेळात येत आहे. प्रवाशांनी जागा सोडू नये.”

लखन आला, आणि घराच्या बाहेर अंगणात उभा राहिला. मग आणखी सहा-सात जण. कुणी आत गेलं नाही, कुणी काही लिहिलं नाही. मी प्रोग्राम तसाच उघडा ठेवला, काही बदललं नाही.

सव्वासातनंतरचं खेळाने नोंदलं ते इथे उतरवून घेते. ज्याने जसं लिहिलं तसं उमटतं.

छबुबाई पश्चिमेकडून घरात आल्या.

छबुबाईंनी ‘शिवीचे बाप’ यांना दिलं: तीळ लावलेली बाजरीची भाकरी, एक.

छबुबाईंनी ‘शिवीचे बाप’ यांना दिलं: भोगीची भाजी, एक वाटी.

आश्रुबांनी भाकरी खाल्ली.

आश्रुबांनी ‘शिवीची आई’ यांना दिलं: शेळीचं दूध, एक तांब्या.